प्रलयाच्या खुणा आणि भोपाळभोवतीचे दगड

मार्च २०२०. दिल्लीत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेच्या निमित्ताने भारतात आलेले काही अभ्यासक भोपाळपासून ४५ किलोमीटरवर असलेल्या भीमबेटकाला पोहोचले. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये जगापुढे आणलेल्या चित्रगुहा पाहायला तिथं सगळेच जातात. पण या मंडळींची नजर चित्रांवरून सरकून वर, ऑडिटोरियम गुहेच्या दगडावर गेली. जमिनीपासून दोन माणसांच्या उंचीवर पानासारखा एक ठसा होता. मधे शीर, दोन्ही बाजूंना पन्हळीसारख्या रेघा, लांबी हातभर. तो डिकिन्सोनियाचा जीवाश्म आहे, असं त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. डिकिन्सोनिया म्हणजे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर राहणारा, पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक. बातमी जगभर गेली.

दोनच वर्षांनी फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि सहकारी त्याच ठशाखाली उभे राहिले. त्यांना दिसलं ते वेगळंच. तो ठसा खडकात नव्हता, खडकावर होता, आणि काही ठिकाणी सुटून पडत होता. जवळच आग्या मोहोळं लटकत होती. डिकिन्सोनिया म्हणून गाजलेली आकृती म्हणजे जुन्या पोळ्याचा खडकाला चिकटून राहिलेला अवशेष होता. मूळ लेखाचे प्रमुख ग्रेगरी रेटॅलॅक यांनी हा निष्कर्ष उघडपणे मान्य केला. विज्ञानाची प्रतिष्ठा अशा कबुलीमुळे वाढते.

प्रकरण मधमाश्यांचं असलं, तरी त्यावर फार मोठी गोष्ट टांगलेली होती. भीमबेटका, रायसेनचा किल्ला, सांचीची टेकडी आणि भोपाळ शहरातल्या श्यामला हिल्ससारख्या टेकड्या विंध्य समूहातल्या वालुकाश्माच्या आहेत. या वालुकाश्माच्या वरच्या थरांचं वय नेमकं किती, यावर दीर्घकाळ वाद आहे. डिकिन्सोनिया खरा असता, तर ते ५५ कोटी वर्षांच्या आसपास ठरलं असतं. मीर्ट यांच्या गटाने वाळूतल्या झिरकॉन स्फटिकांवरून ते १०० कोटींच्या घरात नेलं आहे. या दोन आकड्यांच्या मधोमध पृथ्वीच्या इतिहासातली एक भयंकर घटना आहे. सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वी दोनदा असं घडलं की बर्फ थेट विषुववृत्तापर्यंत पसरलं आणि जवळजवळ सगळा ग्रह गोठला. भीमबेटकाची वाळू त्यानंतर साचली असेल, तर खालच्या थरांत त्या हिमयुगाचा माग काढण्यात अर्थ आहे. ती आधीच साचली असेल, तर तिथं बर्फ शोधणं व्यर्थ. कोणत्या डोंगरात कोणता प्रलय शोधायचा, हे एका पोळ्यामुळे चुकणार होतं.

जुन्या जागतिक उत्पातांनी भूरूपावर ओळखू येतील अशा खुणा ठेवल्या आहेत का, हा प्रश्न भोपाळच्या परिसरात विचारावा तो यासाठी. उत्तर ‘हो’ आहे, पण खूण जिथं डोळ्यांत भरते तिथं उत्पात बहुधा नसतो किंवा लहान असतो. खरोखर जग हादरवणाऱ्या घटनेवरून मात्र आपण रोज चालत असतो आणि ओळखत नाही.

भोपाळ दोन खडकांच्या सांध्यावर वसलं आहे. तांबूस-पिवळट वालुकाश्माच्या टेकड्या संपतात तिथं काळा बेसॉल्ट सुरू होतो, आणि तो पश्चिमेकडे माळवाभर आणि नर्मदा-तापी ओलांडून सह्याद्रीपर्यंत पोहोचतो. मराठी माणसाला हा काळा कातळ घरचा आहे. राजगड-रायगड त्याच्यावर उभे आहेत आणि अजिंठा-वेरूळ त्याच्यात कोरलेलं आहे. माळव्यात तो उंच कड्यांतून दिसत नाही. तिथं सपाट माथ्याच्या बुटक्या टेकड्या आहेत, त्यांच्यामध्ये काळी माती, आणि सीहोरकडे त्या मातीत पिकणारा शरबती गहू. इतका शांत, सुपीक मुलूख पाहून कुणाच्या मनात विनाश येणार?

तरीही उत्पाताचा पुरावा हाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पाझरत, वाहत, थरावर थर चढवत राहिला. दहा लाख वर्षांहून कमी काळात एवढा लाव्हा आला की आज इतकी झीज झाल्यावरही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र त्याखाली आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. काही प्रवाह आजच्या महाराष्ट्राकडून थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेले असं मानलं जातं. लाव्हाने जाळलं ते तेवढ्या प्रदेशातलं. जगाला भोवला तो त्याच्याबरोबर बाहेर पडलेला वायू. गंधकाच्या वायूंनी सूर्यप्रकाश अडवून थंडी आणली, आम्लाचा पाऊस पाडला. कार्बन डायऑक्साइडने पुढे हजारो वर्षं हवा तापवली आणि समुद्र आम्लधर्मी केले.

लाव्हाच्या खाली आणि थरांच्या मधे त्या वेळचं जग दबून राहिलं. जबलपूरला १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना सापडलेली हाडं भारतातल्या डायनोसॉरचा पहिला पुरावा ठरली. धार जिल्ह्यात बाग-कुक्षी भागात २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. ती लाव्हाच्या लगेच खालच्या लॅमेटा थरांत आहेत. घरटी एकमेकांना खेटून आहेत. म्हणजे माद्या मोठ्या संख्येने एकाच ठिकाणी अंडी घालायला येत होत्या. ज्या भूमीला काही काळातच आग लागणार होती, तिथं त्या पिढ्या वाढवत होत्या हे वाचताना आजही मन थबकतं.

मग डायनोसॉर या लाव्हानेच संपवले का? १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या मातीच्या एका पातळ पट्टीत इरिडियमचं प्रमाण विलक्षण जास्त असल्याचं दाखवलं. इरिडियम पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींमध्ये भरपूर. त्यावरून सुमारे १० किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला असला पाहिजे असा त्यांचा तर्क होता. जागा सापडायला आणखी दहा वर्षं लागली, कारण मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावरचं सुमारे १८० किलोमीटरचं ते चिक्शुलूब विवर चुनखडीच्या थरांखाली गाडलेलं आहे. वर उरली आहे ती नैसर्गिक विहिरींची अर्धवर्तुळाकार रांग. तिथल्या लोकांनी शतकानुशतकं त्या विहिरींचं पाणी प्यायलं. त्यांची रांग कशाची आहे हे कळायला गुरुत्वाकर्षणाची मोजणी करावी लागली.

दख्खनचा लाव्हा आणि मेक्सिकोचा आघात, दोन्ही जवळपास एकाच वेळी. इथं खरी चुरस आहे ती तारखांची. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांचे लेख आले. ब्लेअर शोएनी यांच्या गटाने लाव्हाच्या थरांमधल्या तांबड्या पट्ट्यांतले झिरकॉन मोजले आणि लाव्हा चार मोठ्या उसळ्यांमध्ये आला, त्यांतली एक आघाताच्या थोडीच आधी होती, असा निष्कर्ष काढला. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने खुद्द बेसॉल्टमधल्या आरगॉनवरून सांगितलं की लाव्हाचा बहुतांश भाग आघातानंतर आला. तोच डोंगर, दोन घड्याळं, दोन निष्कर्ष. त्यातही माळव्याला वेगळं महत्त्व आहे. इथल्या थरांच्या अलीकडच्या मोजणीतून पश्चिम घाटातल्या मुख्य थरांच्या आधी, आघाताच्या काही लाख वर्षं अगोदर, माळव्यात लाव्हा वाहू लागला होता असं दिसतं. प्रलयाची पहिली पावलं भोपाळच्या शेजारी पडली असावीत.

त्या तांबड्या पट्ट्या घाटातून जाताना कुणालाही दिसतात: दोन काळ्या थरांमधली विटेच्या रंगाची रेघ. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधे काळ गेला, ऊनपावसाने पृष्ठभागाची माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. त्याच मातीत वाऱ्यावर आलेली ज्वालामुखीची राख आणि राखेत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात. रस्त्यासाठी डोंगर कापला की अशी पट्टी उघडी पडते आणि त्यावर काँक्रीटची भिंत चढली की बंद होते. भिंत चढण्यापूर्वी तिचा नमुना घेणं ही छोटी गोष्ट आहे, आणि ती नियमाने व्हायला हवी.

डायनोसॉर जिथं संपतात त्या सीमारेषेच्या सर्वांत जवळ जाणारी जागाही मध्य प्रदेशातच आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात २००९ मध्ये गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांना समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं सापडली, आणि तीही महासंहारानंतर नुकत्याच उदयाला आलेल्या जातींची. भारताच्या मधोमध समुद्री जीव! त्या काळी समुद्राची एक चिंचोळी भुजा आत शिरली असावी असं त्यांचं मत आहे. कच्छमध्ये अंजारजवळ अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे नरेंद्र भंडारी आणि सहकाऱ्यांना १९९० च्या दशकात अशाच गाळात इरिडियम मिळालं. मात्र एक नव्हे, तीन पट्ट्यांत. एक अशनी तीन रेघा ओढत नाही, त्यामुळे तिथलं कोडं अधिकच गुंतलं.

विवरांची गोष्ट नेमकी उलट आहे. बुलढाण्याचं लोणार पाहिलं की कुणालाही पटतं की इथं आकाशातून काहीतरी पडलं: १.८ किलोमीटरची जवळजवळ गोल वाटी, उचललेला काठ, तळाशी खारं पाणी. तरी जगाच्या दृष्टीने तो किरकोळ प्रसंग होता, परिसराबाहेर त्याची झळ पोहोचली नसावी. त्याचं वयही पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत, २०११ मधल्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेलं. आता शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला पाहा. व्यास सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे लोणारच्या सहापट, पण तिथं वाटी नाही, काठ नाही. मधे उलट एक सपाट माथ्याची टेकडी आहे. तिथले खडक अनेक वर्षं ज्वालामुखीचे मानले जात. अलाहाबाद विद्यापीठाचे जयंत कुमार पती आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्‌झच्या कणांत समांतर सूक्ष्म रेषा दाखवल्या. असल्या रेषा उमटायला जो धक्का लागतो, तो ज्वालामुखी देऊ शकत नाही. २००८ मध्ये ढाला आघात विवर म्हणून जगापुढे आलं. वय १७० ते २५० कोटी वर्षांच्या दरम्यान. एवढ्या काळात काठ झिजून गेला, वर नवे थर साचले, आणि पुरावा राहिला तो भिंगाखालच्या कणांत.

जीवसृष्टीवरचं सर्वांत मोठं संकट यांपैकी कुठलंच नव्हे. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, सायबेरियात लाव्हाचे महापूर आले त्या सुमारास समुद्रातल्या बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. त्याचा माग भोपाळकरांच्या आवडत्या थंड हवेच्या ठिकाणी, पचमढीच्या डोंगरांत लागू शकतो. सातपुड्याच्या त्या खोऱ्यात खालच्या थरांत कोळसा आहे. पाथाखेडा आणि पेंच-कन्हानच्या खाणी त्यावरच चालतात. तो कोळसा ज्या झाडांचा बनला, त्यांतलं प्रमुख होतं ग्लॉसोप्टेरिस. वरच्या, पचमढीच्या कडे-कपाऱ्यांच्या वालुकाश्मात कोळसा नाही. संहारानंतर जगभरच काही दशलक्ष वर्षं कोळसा तयार झालेला आढळत नाही, कारण दलदलीची अरण्यंच उरली नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यात तर झाडांची मुळं गेल्यावर संथ वळणांच्या नद्या अनेक फाट्यांच्या वाळूभरल्या नद्या झाल्याचं दिसतं. पचमढीची वाळूही तशाच नद्यांनी आणलेली आहे. या बदलात संहाराचा वाटा किती आणि उंचावणाऱ्या डोंगरांचा किती, हे तिथं अजून वेगळं करता आलेलं नाही, आणि दोन्हींची खूण सारखीच असल्याने ते सोपंही नाही.

सर्वांत अलीकडचा, माणसाने स्वतः पाहिलेला उत्पात म्हणजे सुमात्राच्या तोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा स्फोट. त्याची राख बंगालचा उपसागर ओलांडून भारतभर पडली. मध्य प्रदेशात सोन आणि नर्मदेच्या काठच्या दरडींत ती फिकट पट्टीच्या रूपात सापडते. भिंगाखाली तिचे कण फुटलेल्या बुडबुड्यांच्या काचेसारखे दिसतात आणि त्यांची रासायनिक घडण तोबाशी जुळते. हीच राख पुणे जिल्ह्यात जुन्नर भागात कुकडीकाठी बोरीलाही आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथं राखेजवळ अश्मयुगीन हातकुऱ्हाडी नोंदवल्यापासून वाद पेटला आहे. रसायन काहींच्या मते ७४ हजार वर्षांच्या स्फोटाशी जुळतं, तर काही मोजण्या राखेला सहा-आठ लाख वर्षं मागे, तोबाच्याच आधीच्या स्फोटांकडे नेतात.

या स्फोटाने मानवजात जवळजवळ संपवली असं मत १९९८ मध्ये स्टॅनली अँब्रोज यांनी मांडलं होतं. सोन खोऱ्यातल्या ढाबा या ठिकाणचं उत्खनन त्याला छेद देतं. २०२० मध्ये ख्रिस क्लार्कसन, जगन्नाथ पाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथं सुमारे ८० हजार वर्षांपूर्वीपासून ६५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत दगडी हत्यारं घडवण्याची पद्धत खंड न पडता चालू राहिली. राखेच्या आधीची आणि नंतरची हत्यारं एकाच घाटाची आहेत. दुसरीकडे बंगालच्या उपसागरातल्या गाळातले परागकण आणि मध्य भारताच्या मातीतला कार्बन सांगतात की स्फोटानंतर अरण्यं विरळ होऊन गवताळ रान वाढलं होतं. हत्यारं घडवणाऱ्यांनी त्या उघड्या रानात शिकार आणि पाण्याची सोय कशी बदलली, हे सोनकाठच्या नव्या खड्ड्यांतून शोधावं लागेल.