विश्लेषण : एक सायकलवाट वाहून गेली आणि अख्खे गाव का अडचणीत आले?

दमास्कस म्हटले की सीरियाची राजधानी डोळ्यांपुढे येते. पण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या डोंगरांतही एक दमास्कस आहे. वस्ती जेमतेम ८००. या गावाची ओळख ‘ट्रेल टाउन’ अशी, म्हणजे पायवाटांचे गाव. सप्टेंबर २०२४ मधील हेलीन चक्रीवादळाने यांतली सर्वांत कमाईची वाट वाहून नेली आणि केवळ पर्यटनावर उभ्या असलेल्या गावापुढे पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला.

हे गाव पायवाटांचे कसे झाले?

जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची अॅपलेशियन ट्रेल दमास्कसच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते. विजेच्या खांबांवरचे पांढरे पट्टे हीच तिची खूण. दक्षिणेकडून निघालेले पदयात्री साधारण साडेसातशे किलोमीटर चालून वसंतात येथे पोहोचतात. आंघोळ, कपडे धुणे, पोटभर जेवण आणि फाटलेल्या बुटांची सोय असे सारे येथे होते. १९८७ पासून दर मे महिन्यात ‘ट्रेल डेज’ हा मेळा भरतो, तेव्हा वीस हजारांच्या आसपास माणसे या चिमुकल्या गावात उतरतात.

मग क्रीपर ट्रेलचे महत्त्व काय?

मेळा तीन दिवसांचा आणि लांब पल्ल्याचा पदयात्री हात आखडून खर्च करणारा. गावाचा खरा आधार होती व्हर्जिनिया क्रीपर ट्रेल. अॅबिंगडन ते व्हाइटटॉप अशी ही ५५ किलोमीटरची वाट म्हणजे मुळात रेल्वेमार्ग. शेवटची गाडी १९७७ मध्ये धावली. नंतर रूळ उखडले गेले आणि त्याच मार्गावर सायकलवाट झाली. दमास्कस तिच्या बरोबर मध्यावर आहे.

पर्यटक गावात सायकल भाड्याने घेत. दुकानाची गाडी त्यांना व्हाइटटॉपला सोडत असे. तेथून सुमारे ५०० मीटरचा उतार २७ किलोमीटरमध्ये उतरत गावात परत! पायडल फारसे मारायला नको, म्हणून आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सगळे येत. वर्षाला लाखाहून अधिक लोक या ट्रेलवर येत. सायकलची दुकाने, खानावळी, घरगुती निवास ही सगळी साखळी या एका उतारावर चालत होती.

पुराने नेमके काय केले?

२७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीनच्या पावसाने लॉरेल क्रीकला प्रचंड पूर आला. पाणी गावात शिरले. दमास्कस ते व्हाइटटॉप या वरच्या टप्प्यातील अनेक पूल वाहून गेले, वाटेखालची मातीही खचली. शेजारच्या यूएस ५८ महामार्गाचेही लचके तुटले.

अॅपलेशियन ट्रेल टिकली, क्रीपर का नाही?

उत्तर रेल्वेच्या गणितात आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. त्यामुळे रूळ ओढ्याच्या काठाकाठाने, तो पुन्हा पुन्हा ओलांडत नेले गेले. संपूर्ण मार्गावर चाळीसहून अधिक पूल होते, ते त्यामुळेच. जो सौम्य उतार पर्यटकांना भुरळ घालत होता, तोच या वाटेला पुराच्या तोंडी ठेवत होता. अॅपलेशियन ट्रेल बहुतांशी डोंगरधारेवरून जाते. तेथे झाडे कोसळली, तरी ती कापून किंवा वळसा घालून वाट काढता येते. ओढ्यावरचा पूल मात्र नव्यानेच बांधावा लागतो.

खालचा टप्पा सुरू असूनही अडचण कशाची?

अॅबिंगडन ते दमास्कस हा टप्पा सायकलस्वारांना उपलब्ध आहे. मात्र तेथे सलग उतार नाही, पायडल मारावेच लागते. साहजिकच सहकुटुंब येणारा पर्यटक कमी होतो. गाडीने वर सोडण्याचा व्यवसाय तर वरच्या टप्प्याशिवाय चालणारच नाही.

पुनर्बांधणीत पेच कोणता?

वरचा टप्पा प्रामुख्याने संघराज्य सरकारच्या वनसेवेच्या अखत्यारीत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आपत्ती मदतीचा कायदा संमत केला, त्यात वनसेवेसाठीही निधी आहे. पण अरुंद दरीत अवजड यंत्रे नेणे सोपे नाही. शिवाय जुन्याच जागी बांधले तर पुढच्या पुराची टांगती तलवार. वाट वर सरकवली तर सौम्य उतार जाण्याचा धोका. सरकारी काम वर्षांच्या हिशेबात चालते, दुकानाचे भाडे मात्र दरमहा द्यावे लागते. दोन-तीन हंगाम कोरडे गेले तर वाट तयार होईल, पण सायकल भाड्याने देणारेच उरणार नाहीत, ही खरी भीती.

गाव यातून सावरेल?

दमास्कसला आधार गमावण्याची सवय आहे. १८८६ मध्ये येथे पोलादाचा उद्योग उभा राहील या आशेने, पोलादासाठी प्रसिद्ध सीरियन शहराचे नाव गावाला दिले गेले. पुरेसे लोखंड मिळालेच नाही. मग लाकडाचा धंदा आला, पण जंगल तोडून संपले. रेल्वे गेली, तिच्या जागी सायकली आल्या. मे २०२५ मध्ये ‘ट्रेल डेज’ ठरल्याप्रमाणे भरला. पदयात्री आजही येतात. मात्र तीन दिवसांच्या गर्दीवर वर्ष निघत नाही. एकाच आकर्षणावर विसंबलेल्या प्रत्येक पर्यटनस्थळाने लक्षात ठेवावे, असे हे उदाहरण आहे.