रस्ते बांधणारा न्यायाधीश

1922 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, बाराव्या रस्त्यावरचं एक दुकान बुडालं. शर्ट, टाय, कॉलर, हॅट असा पुरुषांच्या पेहरावाचा माल तिथे मिळायचा. दोन भागीदार होते. त्यांतला एक पूर्वी शेती करायचा आणि पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन होता. वय अडतीस, डोक्यावर कर्ज, हातात कुठलीच पदवी नाही. त्याच वर्षी तो मिझुरी राज्यातल्या जॅक्सन काउंटीच्या कोर्टावर ‘जज’ म्हणून निवडून आला. त्याचं नाव हॅरी ट्रुमन.

कायद्याची पदवी नसलेला माणूस न्यायाधीश कसा झाला, याचं उत्तर त्या कोर्टाच्या कामात आहे. आपल्याकडे मामलेदार कोर्टाच्या 1906 च्या कायद्याखाली तहसीलदार शेताच्या वाटेचे तंटे ऐकतो, म्हणजे महसुली अधिकारी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. जॅक्सन काउंटीत बरोबर उलट होतं. तिथे नाव कोर्टाचं आणि काम थेट आपल्या जिल्हा परिषदेच्या बांधकाम समितीचं. रस्ते, पूल, गरिबांसाठीचं वसतिगृह, काउंटीचं अंदाजपत्रक, नोकरभरती हा त्या कोर्टाचा कारभार. ‘जज’ तीन. पूर्व भागाचा एक, पश्चिमेचा म्हणजे शहराचा एक आणि वर अध्यक्ष. पूर्व-पश्चिमवाल्यांची मुदत दोन वर्षं, अध्यक्षाची चार. तिघेही पक्षाच्या तिकिटावर निवडून यायचे.

आणि तिकीट होतं टॉम पेंडरगास्टच्या हातात. हा माणूस कॅन्सस सिटीचा अनभिषिक्त राजा. मेन स्ट्रीटवरच्या एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर बसून तो शहर चालवायचा. थंडीत गरिबाच्या घरी कोळसा पोचवायचा, बेकाराला काम लावून द्यायचा आणि मतदानाच्या दिवशी हिशेब चुकता करून घ्यायचा. अमेरिकेत अशा व्यवस्थेला ‘मशीन’ म्हणतात. डेमोक्रॅटिक पक्षात या मशीनचे दोन गट होते. पेंडरगास्टचे ते ‘बोकड’ आणि जो शॅननचे ते ‘ससे’. रिपब्लिकनांशी होणाऱ्या लढतीपेक्षा या दोघांमधली उमेदवारीची मारामारी जास्त चुरशीची असायची.

टॉमचा पुतण्या जिम युद्धात ट्रुमन यांच्याबरोबर होता. ती ओळख कामी आली. बोकडांना ग्रामीण पूर्व भागासाठी एक स्वच्छ चेहरा हवा होता. माजी सैनिक, बाप्टिस्ट, शेतकऱ्यांत मिसळणारा. उमेदवारीसाठीच्या प्राथमिक निवडणुकीत पाच जण उभे होते. ट्रुमन तीनशेहून कमी मतांनी तरले.

दोन वर्षांनी, 1924 मध्ये, ते हरले. ससे रुसले होते आणि त्या भागात जोर धरलेली कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वंशवाद्यांची संघटना त्यांच्या विरोधात गेली होती. दोन वर्षं त्यांनी कसं काम केलं, हा प्रश्न मतदानाच्या दिवशी फारसा कोणी विचारला नाही. ट्रुमन यांच्या आयुष्यातला निवडणुकीतला हा एकमेव पराभव. रात्रीच्या वर्गात ते कायदा शिकत होते, तेही अर्धवट सुटलं. पोटासाठी ते मोटार क्लबचे सभासद गोळा करत फिरले.

1926 मध्ये गटांची दिलजमाई झाली आणि ट्रुमन अध्यक्ष-जज म्हणून परतले. इथून त्यांच्या कारकिर्दीचा खरा भाग सुरू होतो. काउंटीचे रस्ते आधीच्या ठेकेदारांनी पापुद्र्यासारखे अंथरले होते, एका हिवाळ्यात उखडणारे. ट्रुमन यांनी दोन अभियंते नेमले, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, म्हणजे अहवालाला पक्षाचा वास येऊ नये. मग 1928 मध्ये 65 लाख डॉलरच्या रस्त्यांच्या कर्जरोख्यांना त्यांनी मतदारांकडून मंजुरी मिळवली. या पैशाची कामं सर्वांत कमी दराच्या निविदेलाच मिळतील, असं जाहीर वचन दिलं.

टॉम पेंडरगास्टची स्वतःची काँक्रीटची कंपनी होती, हे लक्षात घेतलं की या वचनाचं वजन कळतं. ट्रुमन यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी: पेंडरगास्टनं त्यांना बोलावून घेतलं. समोर मशीनचे नेहमीचे ठेकेदार फुरंगटून बसलेले. आमची कामं आम्हाला द्या, असा त्यांचा आग्रह. ट्रुमन यांनी नकार दिला. पेंडरगास्ट ठेकेदारांना म्हणाला, हा गडी हट्टी आहे हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. आणि त्यानं ट्रुमन यांना मोकळं सोडलं. बॉस दिलदार होता म्हणून हे घडलं, असं समजण्याचं कारण नाही. प्रामाणिक जजमुळे मतं मिळत होती. 1926 मध्ये ट्रुमन सुमारे 16 हजारांच्या आघाडीनं जिंकले होते, 1930 मध्ये ती आघाडी 58 हजारांच्या घरात गेली.

रस्ते टिकाऊ झाले. कॅन्सस सिटीतलं नवं कोर्टघर कसं असावं हे ठरवायला ट्रुमन मोटार घेऊन हजारो मैल हिंडले, गावोगावची कोर्टघरं पाहत. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचं कोर्टघर त्यांना आवडलं, म्हणून त्याचाच वास्तुरचनाकार त्यांनी सल्ल्याला घेतला. डिसेंबर 1934 मध्ये इमारतीचं उद्घाटन झालं. दारात अँड्र्यू जॅक्सन यांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला.

याच काळात हा माणूस पिकविक हॉटेलच्या खोलीत कोंडून घेऊन स्वतःसाठी पानंच्या पानं लिहीत होता. त्यात फुशारकी नाही. मोठी चोरी रोखण्यासाठी आपण लहान चोऱ्यांकडे डोळेझाक केली, मशीनच्या माणसांना नोकऱ्या दिल्या, याचा तो कबुलीजबाब आहे. आपण बरोबर केलं की चूक, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. स्वतः एक पैसाही खाल्ला नाही, एवढीच खात्री होती. त्यांच्या शत्रूंनाही याच्या उलट काही सिद्ध करता आलं नाही.

मला या कारकिर्दीत सगळ्यांत बोलका वाटतो तो हा कबुलीजबाब. जिल्हा परिषदेतली टक्केवारी जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही. आपण अशा वेळी ‘चांगली माणसं राजकारणात आली पाहिजेत’ असं म्हणतो. जॅक्सन काउंटीत चांगला माणूस आला होता. त्यानं चोख रस्ते दिले. पण त्याच्या चांगुलपणाची पुण्याई मशीनच्या खात्यात जमा झाली आणि मशीन आणखी माजलं. 1936 च्या निवडणुकीत कॅन्सस सिटीत मेलेल्या आणि न जन्मलेल्या माणसांनीही मतदान केलं. त्या प्रकरणात अडीचशेहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. 1939 मध्ये आयकर चुकवल्याबद्दल खुद्द पेंडरगास्ट तुरुंगात गेला.

रस्त्यांच्या कोर्टाचं एक वेळ ठीक. पण मिझुरीत खटले चालवणारे खरे न्यायाधीशही असेच पक्षाच्या तिकिटावर उभे राहत, आणि तिकिटासाठी अशाच बॉसपुढे टोपी काढून उभे राहत. ज्याच्या मेहेरबानीनं खुर्ची मिळाली त्याचाच माणूस आरोपी म्हणून समोर आला, तर काय? राज्यातल्या वकिलांनी आणि नागरिकांनी सह्या गोळा करून घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांपुढे आणला. सर्वोच्च न्यायालय, अपील न्यायालयं, आणि सेंट लुइस शहर व जॅक्सन काउंटी इथली सर्किट न्यायालयं यांच्यासाठी पक्षीय निवडणूक बंद. जागा रिकामी झाली की वकील, नागरिक आणि न्यायाधीश यांची समिती तीन नावं काढणार, गव्हर्नर त्यांतलं एक निवडणार. काही काळानं मतपत्रिकेवर त्या न्यायाधीशाचं नाव एकटंच येणार. पक्ष नाही, प्रतिस्पर्धी नाही. याला ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न.

नोव्हेंबर 1940 मध्ये मतदारांनी हा प्रस्ताव मंजूर केला. ट्रुमन एव्हाना अमेरिकेच्या सेनेटचे सदस्य झाले होते. त्याच दिवशी त्याच मतदारांनी त्यांनाही सेनेटवर पुन्हा निवडून दिलं. मशीननं पुढे आणलेला माणूस त्यांनी ठेवला आणि न्यायालयावरचा मशीनचा हात काढून टाकला. दोन्ही कौल मला शहाणपणाचे वाटतात, पण टिकाऊ ठरला तो दुसरा. माणूस पाच वर्षांत राष्ट्राध्यक्ष होऊन निघून गेला. न्यायाधीश नेमण्याची ही रीत मात्र ‘मिझुरी पद्धत’ या नावानं कितीतरी राज्यांनी उचलली.

जॅक्सन काउंटीचं ते जुनं ‘कोर्ट’ आता नाही. 1973 पासून तिथे काउंटीची विधानसभा आणि कार्यकारी प्रमुख आहेत. पण मिझुरीच्या बहुतेक ग्रामीण काउंट्यांत आजही खटले चालवणारा न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावरच मतं मागतो.