मालवाहू ई-गाडीला लिथियम बसवताना

मिरजोळे औद्योगिक वसाहतीत माल पोचवणारी विजेवरची तीनचाकी जुन्या शिशाच्या बॅटरीवर चालत असेल, तर ती बदलण्याचा विचार मालकाच्या मनात येतोच. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्यांचे ओझे शंभर किलोच्या आसपास जाते. तेवढीच ऊर्जा देणारा लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच निम्म्याहून हलका असतो. रत्नागिरीच्या चढउतारांवर हा फरक लगेच जाणवतो.

पण नुसता संच बदलून भागत नाही. 16 सेल एकापुढे एक जोडले की 51.2 व्होल्ट होतात आणि पूर्ण भरल्यावर 58.4. जुना चार्जर शिशासाठी बनलेला. तो लिथियमला लावूच नये. संचातली बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा, कंट्रोलर ओढतो तेवढा प्रवाह पेलू शकते का, हे आधी तपासा. जुना चार्जदर्शक काटाही फसवतो, कारण लिथियमचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो.

कोकणात खरा शत्रू खारी, दमट हवा. जोडण्यांवर हिरवट थर दिसला की मुख्य स्विच बंद करून तो साफ करा, नट घट्ट करा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा. फुगलेला किंवा पाण्यात बुडालेला संच मात्र चार्जिंगला लावू नका. आणि बदल करण्यापूर्वी आरटीओत चौकशी जरूर करा.