पहारेकऱ्याचं आयुष्य वीस मिनिटांचं

मुळशी धरणात पाणी येत राहतं आणि भिऱ्याच्या वीजघराकडे जातही राहतं. जाणं थांबलं, की पातळी चढते. पेशीतल्या 'पी५३' या कर्करोगरोधक प्रथिनाचं गणित असंच आहे. ते सतत तयार होतं आणि सुमारे वीस मिनिटांत निम्मं संपतंही. उधळपट्टी वाटेल, पण संकटात नव्यानं प्रथिन घडवत बसण्यापेक्षा मोडणं थांबवणं झटपट होतं.

मोडण्याचं काम 'एमडीएम२' या प्रथिनाकडे. ते पी५३ला ७६ अमिनो आम्लांची 'युबिक्विटिन' नावाची चिठ्ठी चिकटवतं. एकच चिठ्ठी लागली, तर पी५३ केंद्रकाबाहेर पडतं. त्याचं मुख्य काम डीएनएपाशी, म्हणजे केंद्रकात. बाहेर गेलेला पहारेकरी तिथे काय कामाचा? चिठ्ठ्यांची साखळी झाली, की 'प्रोटिॲसोम' त्याचे तुकडे करतो. गंमत म्हणजे एमडीएम२चं जनुक चालू करतं खुद्द पी५३च!

डीएनएला इजा झाली, की एमडीएम२चीच गच्छंती कशी होते, याचा एक धागा पुण्यात सापडला. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले मानसकुमार सान्त्रा आणि अमेरिकेतले मायकेल ग्रीन यांच्या गटांनी २०१५ मध्ये दाखवलं, की 'एफबीएक्सओ३१' हे प्रथिन एमडीएम२ला मोडीत काढतं. मग पी५३ साठतं आणि पेशीचं विभाजन थांबतं. याच केंद्रात २००५ मध्ये 'स्मार१' हे पी५३ला टिकवून धरणारं प्रथिनही अभ्यासलं गेलं होतं.