ओल्या फणसाचा वाडगा

तोडलेल्या फणसाचा पहिला ओंडका मी पडवीत तसाच ठेवून दिला होता. सावली आहे, वारा आहे, लाकूड नीट वाळेल असा माझा समज. महिनाभरात दोन्ही तोंडांवर मध्यापासून सालीपर्यंत तडे गेले. एकात नाणं उभं जाईल एवढी फट. ओंडका चुलीत गेला. आजीने लावलेलं झाड होतं ते, म्हणून अजून वाईट वाटतं.

झाडात पाणी ज्या नळ्यांतून वर चढतं, त्या कापल्यावर तोंडाशी उघड्या पडतात. तिथलं लाकूड झपाट्याने वाळून आकसतं आणि आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. शिवाय घेराच्या दिशेने लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं मध्याकडून सालीकडे आणि लांबीत जवळपास शून्य. अख्खा ओंडका मग फाटणारच.

दुसरा ओंडका पाडल्याच दिवशी मधोमध उभा चिरला आणि गाभ्याची दोन बोटं रुंद पट्टी काढून टाकली. तोंडांना वितळलेलं मेण फासलं. चिकाने माखलेले हात खोबरेल तेलाने पुसले आणि एक अर्धुक लेथवर चढवलं. ओलं लाकूड कातण्यातलं सुख वेगळंच! पटाशी लोण्यातून गेल्यासारखी जाते, पिवळेधमक लांब छिलके हातावरून वाहतात, सदऱ्यावर पाण्याचे शिंतोडे उडतात. पण इथे हात आवरावा लागतो. 10 इंच व्यासाच्या वाडग्याची भिंत 1 इंच जाड ठेवायची, म्हणजे व्यासाचा दहावा हिस्सा. वाडगा पुढे वेडावाकडा होणारच असतो. गोल आकार या जाडीतून पुन्हा काढायचा.

त्याच्याच छिलक्यांसकट तो कागदी पिशवीत घातला. पिशवीमुळे पाणी जातं, पण बेताने. प्लॅस्टिकची पिशवी घेतली असती तर आठवड्यात बुरशी धरली असती. दर रविवारी पिशवी झटकून वाडगा काट्यावर ठेवायचो आणि बुडावर पेन्सिलीने वजन लिहायचो. पहिल्या दिवशी 1810 ग्रॅम. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, तरी आकार हलत नाही, कारण तेव्हा नळ्यांच्या पोकळीतलं पाणी जात असतं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल उरली, की पाणी पेशींच्या भिंतींतून निघू लागतं आणि खरं आकसणं तिथून पुढे. नजर ठेवायची ती याच दिवसांत.

चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर काळ्या कुड्याच्या बारीक फांद्या सोलून, महिनोन् महिने वाळवून मगच लेथवर घेतात. लाकूड ओलं राहिलं तर वर चढवलेली लाख धरत नाही. घाई त्यांनाही परवडत नाही.

मे महिन्यात लागोपाठ तीन रविवार काटा 1120 वर थांबला. जूनच्या पावसाळी हवेत लाकूड पुन्हा ओल ओढेल, म्हणून तेव्हाच वाडगा काढला. आडव्या-उभ्या व्यासांत आठ मिलिमीटरांचा फरक पडला होता आणि पिवळा रंग मधासारखा झाला होता. चीर एकही नाही. लेथ सुरू केला. पटाशी फेऱ्यात दोनदाच लाकडाला लागत होती, टक-टक, टक-टक, मधे नुसती हवा. हळूहळू ठोके लांबत गेले, एकमेकांत मिसळले आणि एक सलग, कोरडी सळसळ ऐकू येऊ लागली.