विश्लेषण : परीक्षेत चिठ्ठी सापडली, पुढे काय? प्राध्यापकांच्या हातात नेमके किती अधिकार?

शिवाजी विद्यापीठाच्या सत्र परीक्षा सुरू झाल्या की कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांत भरारी पथके फिरू लागतात. काही विद्यार्थी सापडतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि विषय तिथेच संपतो. पण पर्यवेक्षकाच्या हाती चिठ्ठी लागल्यापासून गुणपत्रिकेवर त्याचा परिणाम दिसेपर्यंत मधे काय घडते, हे बहुतेक विद्यार्थ्यांना स्वतः सापडेपर्यंत माहीत नसते. शिक्षा कोण ठरवते? एका पेपरातील चुकीसाठी सगळे सत्र जाऊ शकते का? आणि सर ‘या वेळी सोडतो’ म्हणाले, तर त्यांना तसा अधिकार असतो का?

वर्गावरचे पर्यवेक्षक शिक्षा देऊ शकतात का?

नाही. वर्गात उभ्या असलेल्या प्राध्यापकाला शिक्षा देण्याचा अधिकार नाही आणि माफ करण्याचाही नाही. त्यांचे काम फक्त नोंद करण्याचे.

नियमाप्रमाणे क्रम साधारण असा असतो. चिठ्ठी, मायक्रो झेरॉक्स, मोबाइल किंवा अन्य साहित्य सापडले की ते आणि उत्तरपत्रिका ताब्यात घ्यायची. वरिष्ठ पर्यवेक्षक आणि केंद्रप्रमुखांना कळवायचे. विद्यार्थ्याचा लेखी जबाब घ्यायचा; तो द्यायला किंवा सही करायला तयार नसेल, तर साक्षीदारांसमोर तशी नोंद करायची. पर्यवेक्षकाने स्वतःचा अहवाल लिहायचा. जप्त केलेली उत्तरपत्रिका आणि साहित्य वेगळ्या पाकिटात सीलबंद करून विद्यापीठाकडे पाठवायचे.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चिठ्ठी सापडली म्हणजे वर्गाबाहेर जावेच लागते, असे नाही. विद्यार्थ्याला नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू देता येतो, कारण त्या क्षणी त्याच्यावर फक्त संशय असतो. गैरप्रकार झाला की नाही, हे नंतर ठरते.

मग प्रत्यक्षात वेगळे का दिसते?

कारण वर्गात नियमात नसलेला तिसरा रस्ताही आहे आणि तो चांगलाच रुळलेला आहे. चिठ्ठी काढून घ्यायची, फाडून कचऱ्यात टाकायची, उत्तरपत्रिका वीस मिनिटे टेबलावर ठेवायची आणि मग परत द्यायची. ‘सर, एक डाव सोडा की’ ही विनवणी कोल्हापूरच्या परीक्षा केंद्रांना नवी नाही. मी इंजिनिअरिंगला असताना आमच्याकडे याला ‘पेनल्टी’ म्हणत, जणू फुटबॉलचा सामना चालू आहे.

ही दया आहे की पळवाट? दोन्ही. प्राध्यापकांच्या बाजूने पाहिले तर कारणे समजतात. एक प्रकरण नोंदवायचे म्हणजे अहवाल, जबाब, सह्या, पाकीट, पुढे समितीकडून विचारणा झाली तर उत्तर. तेवढ्या वेळात वर्गातील बाकीच्यांकडे कोण बघणार? शिवाय पर्यवेक्षणाला उभे राहणाऱ्यांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापकही असतात. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. ज्याच्या खुर्चीची पुढच्या जूनची खात्री नाही, त्याने संचालकांच्या ओळखीतल्या मुलाची चिठ्ठी पकडून केंद्रप्रमुखांपुढे ठेवावी, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे. त्यात केंद्र बहुतेकदा त्याच महाविद्यालयात असते. तिथे नोंदवलेले प्रत्येक प्रकरण महाविद्यालयाच्या नावावर जमा होते.

तरीही या रस्त्याची किंमत कोण मोजते, हे पाहायला हवे. एकाच दिवशी, एकाच विषयात, तशीच चिठ्ठी सापडलेल्या दोघांपैकी एकाला वीस मिनिटे जातात आणि दुसऱ्याला सगळे सत्र. फरक एवढाच की दुसऱ्याच्या वर्गात त्या वेळी भरारी पथक शिरले. वीस मिनिटे उत्तरपत्रिका काढून घेणे ही शिक्षाही कोणत्याच नियमात बसत नाही. तिची नोंद नाही, म्हणून तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. खरोखर निर्दोष असलेल्या विद्यार्थ्याचीही वीस मिनिटे अशीच जाऊ शकतात.

शिक्षा कोण ठरवते?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ मध्ये परीक्षा व मूल्यमापन मंडळाची तरतूद आहे. परीक्षेतील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी हे मंडळ जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमते. तिला परीक्षा प्रमाद समिती म्हणतात. केवळ विद्यार्थीच नव्हे, तर प्रश्नपत्रिका काढणारे, परीक्षक, नियामक आणि परीक्षेशी संबंधित शिक्षक यांच्या चुकाही या समितीच्या कक्षेत येतात.

समिती विद्यार्थ्याला आरोपांसह नोटीस पाठवते आणि बाजू मांडायला बोलावते. तिथे विद्यार्थ्याने स्वतः बोलायचे असते. नोटीस मिळूनही तो गेला नाही, तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो. जत किंवा चंदगडच्या विद्यार्थ्यासाठी कोल्हापूरची ती फेरी म्हणजे आख्खा दिवस. ‘जाऊन तरी काय होणार’ म्हणून ती टाळली, तर स्वतःची बाजू सांगण्याची संधीही जाते.

समितीतल्या पाच जणांपैकी कोणीही त्या वर्गात नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे. त्यांच्यापुढे फक्त पाकीट असते. चिठ्ठीतला मजकूर उत्तरपत्रिकेत उतरला होता का, ती बाकावर होती की खिशात, ती नेमकी कोणाकडे सापडली, हे सगळे त्यांना पर्यवेक्षकाच्या अहवालावरून समजते. घाईत खरडलेल्या दोन ओळींवर कोणाचे सत्र जाऊ शकते, तर कोणी तेवढ्याच कारणाने सुटूही शकतो.

एका चिठ्ठीसाठी सगळे सत्र?

हो. विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘परफॉर्मन्स कॅन्सल’. यात गैरसमज असा की, ज्या पेपरला सापडलो तेवढाच पेपर रद्द होईल. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश ५०५० मधील शिक्षेचा तक्ता पाहिला तर अंदाज येतो. कॉपीचे साहित्य नुसते जवळ बाळगले, तरी त्या परीक्षेतील संपूर्ण कामगिरी रद्द. त्यातून प्रत्यक्ष उतरवले असेल, तर त्याशिवाय आणखी एका परीक्षेला बंदी. उत्तरपत्रिका बाहेर नेली किंवा बाहेरून आत आणली, तर दोन परीक्षा. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणे, म्हणजे तोतयेगिरी केली, तर दोघांनाही पाच परीक्षा. तळहातावर किंवा कपड्यावर लिहिलेले सापडले, तर तोही गैरप्रकारच.

माझ्या मते अडचणीची जागा ही पहिली पायरी आहे. खिशात विसरलेला कागद आणि मुद्दाम आणलेली पण न वापरलेली चिठ्ठी, दोन्हींची शिक्षा एकच. ती इतकी जड आहे की अनेक प्राध्यापकांचा हात नोंद करताना अडखळतो. पहिल्या वेळेस फक्त तो पेपर रद्द, अशी हलकी पायरी असती, तर तिसऱ्या रस्त्याने जाणारे कमी झाले असते.

न्यायालयांनी मात्र ‘जवळ सापडले, पण वापरले नाही’ हा बचाव फारसा मानलेला नाही. चंडीगढमधील एका हॉटेल मॅनेजमेंट संस्थेच्या प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतली आणि शैक्षणिक संस्थांच्या शिस्तीच्या निर्णयांत न्यायालयांनी सहज हस्तक्षेप करू नये, असे बजावले.

विद्यार्थ्याच्या बाजूने कायदा काय म्हणतो?

इथे सर्वांत महत्त्वाचा निकाल जुना आहे. उत्तर प्रदेशातील परीक्षा मंडळाने तीन विद्यार्थ्यांचे निकाल गैरप्रकाराच्या कारणावरून रद्द केले होते. त्यांचे म्हणणे मात्र ऐकले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये स्पष्ट केले की, अशी शिक्षा ठरवताना समितीने न्यायिक पद्धतीने वागले पाहिजे आणि विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. (योगायोग म्हणजे शिवाजी विद्यापीठाची स्थापनाही १९६२ चीच.)

याला अपवाद सामूहिक कॉपीचा. बिहारमधील एका केंद्राची परीक्षा पूर्ण रद्द झाली, तेव्हा १९७० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, संपूर्ण केंद्रावरच गैरप्रकार झाला असेल, तर प्रत्येकाला स्वतंत्र नोटीस देण्याची गरज नाही. म्हणजे एखाद्या केंद्रावर सर्रास कॉपी चालू दिली, तर तिथे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा पेपरही जातो आणि त्याला कोणी विचारतही नाही.

पोलिस केस होते का?

होऊ शकते. महाराष्ट्रात परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. तो विद्यापीठ आणि बोर्ड, दोन्ही परीक्षांना लागू आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. मात्र खिशातल्या चिठ्ठीचे प्रकरण सहसा प्रमाद समितीकडेच जाते.

जून २०२४ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या पेपरफुटीविरोधी कायद्याची मात्र इथे गल्लत करू नये. एक कोटी रुपये दंडाची चर्चा झाली तो हाच. तो यूपीएससी, रेल्वे भरती, बँक भरती, एनटीए अशा परीक्षांसाठी आहे आणि टोळ्या, संस्था व कर्मचारी यांच्यावर रोखलेला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या बीकॉमच्या पेपराला तो लागत नाही.

वर्गातील गैरवर्तनाचे काय?

टोकाच्या गोष्टींसाठी नियम स्पष्ट आहेत. रॅगिंगची माहिती मिळाल्यावर संस्थाप्रमुखांनी २४ तासांत गुन्हा नोंदवावा, असे यूजीसीचे २००९ चे विनियम सांगतात. पण शेवटच्या बाकावर मोबाइलवर रील पाहणे, प्रॉक्सी हजेरी, शिकवताना टोमणे मारणे, याला नियमात वेगळा कप्पा नाही. प्राध्यापक विद्यार्थ्याला त्या तासापुरते बाहेर पाठवतात, पालकांना फोन करतात किंवा प्राचार्यांकडे लेखी तक्रार करतात. यापलीकडे त्यांच्या हातात काही उरत असेल, तर ते अंतर्गत गुण.

इथे प्राध्यापकांनीही सांभाळायला हवे. अंतर्गत गुण कामाचे असतात, वागणुकीचा दंड म्हणून ते कापणे योग्य नाही. असे झाल्याचे वाटल्यास विद्यार्थ्याला तक्रार निवारण समितीकडे आणि तिथे समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येते. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांत ही सोय आहे.

असाइनमेंट चॅटजीपीटीने लिहिली तर?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे अंतर्गत मूल्यमापनाचे महत्त्व वाढते आहे आणि नियम इथेच सर्वांत मागे आहेत. वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे २०१८ चे विनियम आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांत दुरुस्ती. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादरीकरणाला बंदी. ६० टक्क्यांहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. पण हे मोजमाप दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणाऱ्या मजकुराचे आहे. एआयने लिहिलेला मजकूर नवा असतो, तो कशाशी जुळत नाही. एआय ओळखणारी सॉफ्टवेअर चुकतातही. त्यांच्या टक्केवारीवर कोणाला दोषी ठरवणे धोक्याचे आहे.

त्यावर एक जुना उपाय आहे आणि कोणत्याही प्राध्यापकाला तो आजही वापरता येतो. तो म्हणजे तोंडी परीक्षा. असाइनमेंट हातात घ्यायची आणि तिसऱ्या पानावरचा एक परिच्छेद समजावून सांगायला लावायचा. अडचण वेळेची. १२० जणांच्या वर्गात प्रत्येकाला पाच मिनिटे दिली, तरी दहा तास होतात आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला मानधन मिळते ते शिकवलेल्या तासांचे.