नावाचं भाडं

मंडळी, आपल्या मंडळाच्या संकेतस्थळाचा पत्ता आपल्याला तोंडपाठ असतो. गणपतीची वर्गणी, नाटकाची तिकिटं, मराठी शाळेची नावनोंदणी, सगळं तिथेच. पण तो पत्ता आपल्या मालकीचा नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? असं नाव कायमचं विकत मिळतच नाही, ते मुदतीने भाड्याने मिळतं. आणि भाडं म्हटलं की प्रश्न आलाच: ते वाढवायचं कोणी आणि किती?

सप्टेंबर 1995 पर्यंत ही नावं चक्क फुकट होती. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या वतीने नेटवर्क सोल्यूशन्स ही एकच कंपनी नोंदणी करी. मग दोन वर्षांना 100 डॉलर लागू लागले. दुसरं दुकानच नव्हतं, सांगता कोणाला! 1998 मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली, 1999 पासून अनेक विक्रेते आले आणि दर उतरले.

तरी मेख राहिलीच. विक्रेते पुष्कळ, पण डॉट कॉमची मूळ वही एकट्या व्हेरिसाइन कंपनीकडे. तिच्या घाऊक दरावर म्हणूनच करारातून मर्यादा आहे. 2012 मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने तो दर 7 डॉलर 85 सेंटवर गोठवला. 2018 मध्ये गाठ सैल केली: दर सहा वर्षांतल्या शेवटच्या चार वर्षांत सालाना 7 टक्क्यांपर्यंत वाढ. कंपनीने 2021 ते 2024 अशी चारही वर्षं ती घेतली आणि दर 10 डॉलर 26 सेंटवर गेला.

कोणी म्हणेल, दोन-अडीच डॉलरचं काय घेऊन बसलात? एका नावापुरतं खरं आहे, पण डॉट कॉमची नावं पंधरा कोटींवर आहेत. शिवाय इथे भाडेकरूला घर बदलता येत नाही. पत्ता बदलला की जुनी ईमेल आणि लोकांची सवय, सगळंच गेलं.

मुंबईकरांना हे नवं नाही. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. भाडेकरू तरले, पण मालकांनी डागडुजी सोडली आणि चाळी मोडकळीला आल्या. म्हणजे वाजवी वाढ हवीच, मोकाट मात्र नको.

आपल्याला जवळचा प्रश्न डॉट ऑर्गचा. बहुतेक मंडळांचा, इतकंच काय शॉमबर्गच्या सार्वजनिक लायब्ररीचाही पत्ता तिथलाच. पूर्वी डॉट ऑर्गची दरवाढ वर्षाला 10 टक्क्यांवर जाऊ शकत नसे. जून 2019 मध्ये आयकॅनने ती मर्यादाच काढली. त्याच नोव्हेंबरात डॉट ऑर्ग सांभाळणारी ना-नफा संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला सुमारे 113 कोटी डॉलरना विकण्याचा घाट घातला गेला. सेवाभावी संस्थांनी गिल्ला केला, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी हरकत घेतली आणि 30 एप्रिल 2020 रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. विक्री टळली, मर्यादा मात्र परत आली नाही.

तेव्हा आपल्या हाती काय? घाऊक दर वाढवण्याआधी सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि नोंदणी दहा वर्षांपर्यंत आगाऊ करता येते. सूचना आली की जुन्या दराने मुदत वाढवून घ्यावी. नोंदणी मंडळाच्याच नावाने असावी, कुणा एका कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर नव्हे. कार्यकारिणी बदलते तेव्हा हिशेबाच्या वहीबरोबर या नावाच्या किल्ल्याही नव्या मंडळींच्या हाती द्याव्यात. आम्हाला वाटतं, पुढच्या सर्वसाधारण सभेत एवढा विषय घ्यायला हरकत नसावी.